फुटबॉलचे तिकीट आणि क्लबांचा गल्ला

६ फेब्रुवारी २०१६ रोजी अ‍ॅनफिल्ड मैदानावर लिव्हरपूल आणि संडरलँड यांचा सामना रंगात आला होता. यजमान लिव्हरपूलकडे २-० अशी आघाडी होती. घड्याळात ७७ वे मिनिट उजाडले आणि प्रेक्षकांचे घोळकेच्या घोळके जागेवरून उठून दरवाजाकडे चालू लागले. सुमारे दहा हजार लोक सामना अर्धवट सोडून बाहेर पडले. याचे कारण मैदानात नव्हते, ते पुढील हंगामाच्या दरपत्रकात होते. बांधकाम सुरू असलेल्या नव्या मेन स्टँडमधील सर्वांत महाग तिकीट ७७ पौंडांचे असेल, असे क्लबने नुकतेच जाहीर केले होते. चाहते निघून गेल्यावर उरलेल्या वेळात संडरलँडने दोन गोल करून सामना बरोबरीत सोडवला. चौथ्या दिवशी क्लबच्या अमेरिकन मालकांनी जाहीर माफी मागितली आणि सर्वांत महाग तिकिटाचा दर होता तसा ५९ पौंडांवर ठेवला.

त्या दरवाढीतून क्लबला वर्षाला साधारण २० लाख पौंड जादा मिळणार होते. लिव्हरपूलचे त्या काळातील वार्षिक उत्पन्न ३० कोटी पौंडांच्या आसपास होते. म्हणजे शेकड्याला एक पौंडाहूनही कमी भर पडावी म्हणून क्लबने दहा हजार माणसे रस्त्यावर आणली होती. तिकीट महागले की क्लबची तिजोरी भरते, ही समजूत कुठपर्यंत खरी आहे, याचा विचार येथून सुरू करता येतो.

मोठ्या फुटबॉल क्लबांचे उत्पन्न तीन वाटांनी येते. दूरचित्रवाणीच्या प्रक्षेपण हक्कांतून मिळणारा वाटा ही पहिली. पुरस्कर्ते, जाहिराती आणि संघाच्या पोशाखांची विक्री ही दुसरी. तिसरी वाट म्हणजे सामन्याच्या दिवशी जमा होणारा पैसा. तिकीटविक्री, श्रीमंत पाहुण्यांसाठीच्या खास कक्षांचे भाडे, खाणेपिणे, सामन्याची पुस्तिका हे सारे त्यात धरतात. या खेळाच्या इतिहासात बराच काळ ही तिसरी वाट हीच जवळजवळ एकमेव वाट होती. इंग्लिश फुटबॉल लीगने १८९० मध्ये प्रवेशाचा किमान दर सहा पेनी ठरवून दिला, तो या गल्ल्याला धक्का लागू नये म्हणूनच. एखाद्या क्लबाने दर पाडून शेजाऱ्याचे प्रेक्षक पळवू नयेत, असा त्यामागे हिशेब होता. गल्ल्यातला काही हिस्सा पाहुण्या संघाला देण्याचीही रीत होती. लीग सामन्यांपुरती ती १९८३ मध्ये बंद झाली आणि मोठ्या मैदानांचा पैसा मोठ्या क्लबांकडेच राहू लागला.

एफए चषकात मात्र वाटणी टिकून राहिली. म्हणूनच एखाद्या खालच्या श्रेणीतील क्लबाला सोडतीत मँचेस्टर युनायटेडचे मैदान मिळाले की तेथे दिवाळी साजरी होते. जानेवारी २००५ मध्ये कर्जात बुडालेल्या एक्सेटर सिटीने ओल्ड ट्रॅफर्डवर गोलशून्य बरोबरी साधली. त्या दिवशी प्रेक्षक होते ६७ हजारांहून अधिक. बरोबरीमुळे फेरसामनाही मिळाला. क्लबच्या डोक्यावरील देणी फेडण्यास या पैशाचा मोठा हातभार लागला. लहान क्लबांच्या दृष्टीने गल्ला हा अजूनही जगण्यामरण्याचा प्रश्न असतो, हे विसरून चालत नाही.

दर चढू लागले त्याची सुरुवात एका दुर्घटनेतून झाली. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर चेंगराचेंगरी झाली. तिच्यातील मृतांचा आकडा अखेर ९७ वर गेला. जानेवारी १९९० मध्ये आलेल्या टेलर अहवालाने उभ्याने सामना पाहण्याचे कठडे काढून सर्वत्र आसने बसवावीत, अशी शिफारस केली. तसे केले तरी दर भडकण्याचे कारण नाही, असेही अहवालात होते. ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानावर आसनाला ६ पौंड आणि उभ्याने पाहण्यास ४ पौंड पडतात, असा दाखलाही दिला होता. प्रत्यक्षात झाले उलटे. आसने बसवल्यावर मैदानांत माणसे कमी मावू लागली, नव्या बांधकामाचा खर्च अंगावर आला आणि १९९२ मध्ये सुरू झालेल्या प्रीमियर लीगने खेळाला नवे, पैसेवाले प्रेक्षक मिळवून दिले.

दर वाढूनही मैदाने रिकामी पडली नाहीत, याचे नवल वाटायला नको. साबण महागला तर ग्राहक दुसऱ्या कंपनीचा साबण उचलतो. लिव्हरपूलचा चाहता तिकीट महागले म्हणून एव्हर्टनच्या स्टँडमध्ये जाऊन बसत नाही. निष्ठा ही बहुधा बापाकडून मुलाकडे आलेली असते आणि तिला पर्याय नसतो. त्यातच मोठ्या क्लबांच्या हंगामी तिकिटांसाठी वर्षानुवर्षांची प्रतीक्षा यादी असते. एकाने आसन सोडले तर ते घ्यायला मागे रांग उभीच आहे. अर्थशास्त्राच्या भाषेत ही मागणी अलवचिक ठरते. दर दहा टक्के चढले तर प्रेक्षक दहा टक्के घटत नाहीत, त्यामुळे गल्ला वाढतोच.

मग क्लब आणखी दर का वाढवत नाहीत? या विषयाचा अभ्यास करणाऱ्या अर्थतज्ज्ञांना पडलेले हे जुने कोडे आहे. सर्वाधिक उत्पन्न देईल त्या दरापेक्षा बहुतेक क्लब आपली तिकिटे स्वस्तच ठेवतात, असे अनेक अभ्यासांत दिसून आले आहे. एक उत्तर असे की आत आलेला माणूस नुसता तिकिटाचाच पैसा देत नाही, तो बिअर घेतो, पाय पेस्ट्री खातो, मुलासाठी मफलर घेतो. दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे आहे. गच्च भरलेला, गाणारा स्टँड हा दूरचित्रवाणीवर विकल्या जाणाऱ्या मालाचाच भाग असतो. पुण्यात किंवा मुंबईत मध्यरात्री जागून सामना पाहणारा प्रेक्षक तो गोंगाटही पाहत असतो आणि परदेशातील प्रक्षेपण हक्कांच्या रकमेत त्याचाही वाटा असतो. मुक्या मैदानाला ती किंमत कोण देणार?

दरवाढीचे अंकगणितही तपासून पाहण्यासारखे आहे. साठ हजार आसनांचे मैदान आणि हंगामात लीगचे १९ घरचे सामने धरू. प्रत्येक तिकिटावर एक पौंड वाढवला तर ११ लाख ४० हजार पौंड जमा होतात. ब्रिटनमध्ये तिकिटावर २० टक्के मूल्यवर्धित कर दरातच समाविष्ट असतो. तो वजा केला की क्लबच्या हाती साडेनऊ लाख पौंड उरतात. २०२३-२४ मध्ये आर्सेनलचे उत्पन्न ६० कोटी पौंडांवर गेले होते. त्यापुढे ही रक्कम म्हणजे समुद्रात ओतलेली घागर. मध्यम दर्जाच्या एका खेळाडूचा पगारही तीत वर्षभर निघेलच असे नाही.

आर्सेनलचाच अनुभव या बाबतीत बोलका आहे. हायबरी या जुन्या मैदानावर जेमतेम ३८ हजार प्रेक्षक मावत. २००६ मध्ये क्लब साठ हजार आसनांच्या एमिरेट्स स्टेडियममध्ये गेला. त्यासाठी सुमारे ३९ कोटी पौंड खर्च झाला. जुन्या मैदानावरील अखेरच्या हंगामात सामन्यांच्या दिवसांचे उत्पन्न साडेचार कोटी पौंडांच्या आतबाहेर होते, पुढच्याच वर्षी ते नऊ कोटींवर पोहोचले. आसने दीडपटीहून थोडी अधिक झाली आणि उत्पन्न मात्र दुप्पट. हा फरक साध्या तिकिटाच्या दरवाढीने पडलेला नाही. नव्या मैदानाच्या मधल्या मजल्यावर सुमारे सात हजार खास आसने आणि दीडशे खासगी कक्ष काढले होते. जेवण, मद्य आणि गुबगुबीत खुर्ची यांसह विकल्या जाणाऱ्या या जागांनीच गल्ल्याचा मोठा भाग भरला. क्लबांनी हा धडा नीट गिरवला आहे. टॉटनहॅमने २०१९ मध्ये उघडलेले मैदान आणि रेआल माद्रिदने नव्याने सजवलेले बर्नाबेऊ ही त्याची पुढची रूपे होत. २०२३-२४ च्या हंगामात एक अब्ज युरोंपेक्षा अधिक उत्पन्न मिळवणारा रेआल हा पहिला फुटबॉल क्लब ठरला, त्यात नूतनीकरणानंतर वाढलेल्या गल्ल्याचा वाटा मोठा होता.

म्हणजे मोठ्या क्लबांचा खरा नफा गोलपोस्टमागे उभ्या असणाऱ्या माणसाच्या खिशातून येत नाही. हे त्यांनाही ठाऊक असते. जर्मनीत तर ते उघडपणे बोलले जाते. बायर्न म्युनिकचे उली होनेस यांनी एकदा सांगितले होते, की उभ्याने पाहण्याच्या हंगामी तिकिटाचे दर तिप्पट केले तरी क्लबला जेमतेम वीस लाख पौंड अधिक मिळतील. खेळाडूंच्या खरेदीत एवढ्या रकमेवर पाच मिनिटे घासाघीस होते, मात्र चाहत्याला हा फरक फार मोठा वाटतो, असे त्यांचे म्हणणे होते. डॉर्टमुंडच्या दक्षिण स्टँडमध्ये जवळपास २५ हजार माणसे उभी राहून सामना पाहतात, तीही परवडणाऱ्या दरात. याचा अर्थ जर्मन चाहते समाधानी असतात असा नाही. लिव्हरपूलच्या त्या प्रसंगानंतर तीनच दिवसांनी, श्टुटगार्टमधील चषक सामन्यात महाग तिकिटांच्या निषेधार्थ डॉर्टमुंडच्या चाहत्यांनी मैदानात टेनिसचे चेंडू फेकले होते.

आसने रिकामी असतील तेव्हा गणित पार पालटते. ब्रॅडफर्ड सिटी २००७ मध्ये इंग्लंडच्या चौथ्या श्रेणीत घसरला. त्याच्या व्हॅली परेड मैदानात २५ हजार माणसे मावतात. त्या श्रेणीत कित्येक क्लबांना पाच हजार प्रेक्षक जमवतानाही घाम फुटतो. ब्रॅडफर्डने प्रौढांचे हंगामी तिकीट १३८ पौंडांना काढले. २३ घरच्या सामन्यांचा हिशेब केला तर सामन्यामागे सहा पौंड. बारा हजारांहून अधिक तिकिटे खपली. २०१५-१६ साठी, एक श्रेणी वर असताना, दर १४९ पौंड होता आणि विक्री सुमारे १८ हजारांवर गेली. रिकाम्या खुर्चीवर आणखी एक माणूस बसवण्याचा खर्च जवळपास शून्य असतो, त्यामुळे त्याचे सहा पौंडही निव्वळ मिळकतच. शिवाय हंगामी तिकिटाचा पैसा उन्हाळ्यातच हाती येतो. सामने बंद असताना पगार याच पैशातून भागतात आणि पुढे संघ हरत सुटला किंवा पाऊस लागला तरी तो परत द्यावा लागत नाही.

गल्ल्याचे खरे मोल सर्वांना कळले ते करोनाच्या काळात. मँचेस्टर युनायटेडचे सामन्यांच्या दिवसांचे उत्पन्न २०१८-१९ मध्ये ११ कोटी पौंडांच्या घरात होते. २०२०-२१ चा जवळपास सारा हंगाम बंद दारांआड खेळला गेला आणि हा आकडा ७१ लाखांवर आला. प्रक्षेपणाच्या पैशामुळे युनायटेड तगला. खालच्या श्रेणीतील क्लबांना तो आधार नव्हता.

प्रेक्षक परतले तसे उत्पन्नही परतले. २०२३-२४ मध्ये युनायटेडच्या सुमारे ६६ कोटी पौंड उत्पन्नापैकी १३ कोटी ७१ लाख, म्हणजे पाचवा हिस्सा, सामन्यांच्या दिवसांतून आला. तरीही तोटा भरून काढण्यासाठी नोव्हेंबर २०२४ मध्ये क्लबने हंगामाच्या मध्यावर उरलेली सदस्य-तिकिटे सरसकट ६६ पौंडांना विकण्याचे ठरवले. पूर्वी ती ४० पौंडांपासून मिळत, मुलांना २५ पौंडांत. मुलांची आणि वृद्धांची सवलत एका फटक्यात गेली. बहुतेक जागा आधीच हंगामी तिकिटधारकांच्या ताब्यात असल्याने हा दर लागू झाला तो थोड्याच आसनांना. ओल्ड ट्रॅफर्डबाहेर निदर्शने झाली, त्यांत मुलाला सोबत घेऊन येणारे बापही होते.

चाहत्यांच्या दबावाला एकदा मात्र ठोस यश आले. लिव्हरपूलच्या घटनेनंतर महिनाभरातच, मार्च २०१६ मध्ये, प्रीमियर लीगच्या क्लबांनी पाहुण्या संघाच्या समर्थकांसाठी ३० पौंडांची कमाल मर्यादा मान्य केली. ती आधी तीन हंगामांपुरती होती, नंतर तिला मुदतवाढ मिळत गेली. पाहुण्यांच्या वाट्याला फार तर तीन हजार आसने येतात. त्यामुळे यजमान क्लबांना या सवलतीची झळ फारशी लागली नाही. दर शनिवारी दोनशे मैल प्रवास करणाऱ्या समर्थकाच्या घरखर्चात मात्र तिचा फरक पडला.