काचगोळे, नाताळचे : हातरंगकाम

ख्रिसमस ट्रीवर टांगण्यासाठी पातळ काच फुंकून केलेल्या पोकळ वस्तूंवर कुंचल्याने केले जाणारे रंगकाम. साध्या गोळ्यांबरोबर पाइनची बोंडे, पक्षी, फळे, घंटा, सांताक्लॉज असे नाना आकार त्यात येतात. जर्मनीच्या थुरिंजिया प्रांतातील लाउशा हे डोंगराळ गाव या कलेचे माहेरघर मानले जाते. चमक काचेच्या आतून आणि रंग बाहेरून, ही दुहेरी रचना या कामाचा गाभा आहे.

कारागीर काचनळी गॅसच्या ज्योतीवर फिरवत मऊ करतो आणि फुंकर घालून फुगवतो. साधा गोळा साच्याविनाच घडतो. बोंड किंवा चेहरा हवा असेल तर काच साच्यात फुंकतात. गार झालेल्या गोळ्यात सिल्व्हर नायट्रेट, अमोनिया आणि ग्लुकोज यांचे द्रावण घालून तो गरम पाण्यात हलवतात. ग्लुकोजमुळे द्रावणातली चांदी मोकळी होते आणि आतल्या बाजूला आरशासारखा पातळ थर बसतो.

यानंतर गोळा बाहेरून रोगणात बुडवला जातो. रोगण पारदर्शक असेल तर गडद लाल रंगाखालूनही चांदी झळकते. मॅट रोगण तीच चमक झाकते आणि नक्षीला शांत पार्श्वभूमी देते. कुंचल्याचे काम त्यावर चालते. गोळ्याला नळीचे लांब टोक तसेच राखलेले असते. रंगवणारी व्यक्ती ते मुठीसारखे धरून गोळा फिरवते, त्यामुळे ओल्या रंगाला बोट लागत नाही. साच्यातून आलेल्या उठावावर पिसे, पाने, गाल आणि डोळे रंगतात. बर्फासाठी पांढरा रंग देतात, कुठे डिंकाच्या रेघेवर चमकी भुरभुरतात. रंगवलेले नग वाळण्यासाठी खिळे ठोकलेल्या फळीवर उलटे खोचले जातात. शेवटी नळीचे टोक कापून कडीची धातूची टोपी बसवली की गोळा टांगायला तयार होतो.

लाउशात हान्स ग्राइनर आणि क्रिस्टोफ म्युलर यांनी 1597 मध्ये काचभट्टी उभारली. येथील नाताळच्या काचगोळ्यांची लेखी नोंद 1848 मधील एका मागणीवहीत सापडते. युस्टुस फॉन लीबिग या रसायनशास्त्रज्ञाच्या शोधातून काचेला चांदी चढवण्याची रीत पुढे आली. 1867 मध्ये गावात गॅस कारखाना सुरू झाला. स्थिर, प्रखर ज्योत मिळाल्याने मोठे आणि पातळ गोळे फुंकता येऊ लागले. हा धंदा घराघरांत चाले. पुरुष काच फुंकत, बायका चांदी भरत आणि रंगवत, तर मुले टोके कापून टोप्या बसवत. तयार माल मोठ्या टोपल्यांतून बायकाच जवळच्या झोनेबेर्ग येथील व्यापाऱ्यांकडे पोचवत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील एफ. डब्ल्यू. वुलवर्थ यांच्या दुकानांनी या मालाला प्रचंड बाजारपेठ मिळवून दिली.

दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर अमेरिकेत कॉर्निंग कंपनीने दिव्यांचे बल्ब बनवणाऱ्या यंत्रावर गोळे काढायला सुरुवात केली. मॅक्स एकार्ट यांच्या ‘शायनी ब्राइट’ने ते रंगवून विकले. युद्धात चांदीची टंचाई झाल्यावर पारदर्शक काचेवर नुसते रंगीत पट्टे असलेले गोळे बाजारात आले आणि धातूच्या टोप्यांची जागा पुठ्ठ्याने घेतली. आतला आरसा नसल्यामुळे या गोळ्यांची सारी शोभा बाहेरच्या रंगावर राहिली.

चीनमध्ये याच्या अगदी उलट पद्धत रूढ आहे. तेथे टोकाशी वाकवलेला बारीक कुंचला गोळ्याच्या तोंडातून आत घालून काचेच्या आतल्या पृष्ठभागावर चित्र काढतात. तपकिरीच्या बाटल्या आतून रंगवण्याच्या जुन्या कलेतून ही रीत आली. यात डोळ्यांतली बुबुळे आधी आणि पार्श्वभूमी सर्वांत शेवटी रंगवावी लागते.

चेकियातील क्रकोनोशे डोंगराळ भागात फुंकलेले काचमणी तारेत ओवून नाताळची सजावट करतात. या हस्तकलेचा 2020 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत समावेश झाला. हाताने काच घडवण्याच्या कौशल्यासाठी जर्मनी, चेकिया, फ्रान्स, फिनलंड, हंगेरी आणि स्पेन यांना 2023 मध्ये एकत्रित मान्यता मिळाली.

जुने गोळे जपताना पाणी टाळणे श्रेयस्कर. पूर्वीचे काही रंग पाण्याने निघून येतात आणि टोपीतून ओल आत गेली तर चांदीवर डाग पडतात. कोरड्या मऊ कुंचल्याने धूळ झटकून गोळे वेगवेगळ्या खणांत, कोरड्या जागी ठेवतात.