पाट्यांवर तोललेला इतिहास : सोलापूरचे वालचंद आणि फियाटची मागची कमान

1/ सोलापूरच्या शुक्रवार पेठेसारख्या जुन्या पेठेत एखादी फियाट वा पद्मिनी उभी दिसली, तर मागच्या चाकाशी वाकून पाहावे. ॲक्सलला यू-बोल्टांनी आवळलेले, एकावर एक रचलेले पोलादी पाटे दिसतील. हे पाटे घरच्या घरी वाढवण्याची वेळ लोकांवर का आली, याचे उत्तर भारतीय मोटार-उद्योगाच्या इतिहासात आहे. #थ्रेड

2/ पाट्यांची कमान मोटारीहून जुनी. 19व्या शतकाच्या आरंभी लंडनच्या ओबडाया इलियट यांनी घोडागाडीसाठी लंबवर्तुळी कमानीचे पेटंट घेतले. पाटे भार पेलतात आणि ॲक्सलही जागी धरतात. सुटे भाग थोडे, दुरुस्ती लोहाराच्या आवाक्यातली.

3/ आता सोलापूरकडे येऊ. वालचंद हिराचंद यांचा जन्म येथे 1882 साली झाला. रेल्वेची कंत्राटे, 1919 मध्ये सिंदिया जहाज कंपनी, 1940 मध्ये बंगळूरचा विमान कारखाना. मोटार-उद्योगाला मात्र ब्रिटिश सरकारचे पाठबळ मिळाले नाही. तरीही 1944 मध्ये त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. कारखाना मुंबईत कुर्ल्याला उभा राहिला.

4/ 1953 मध्ये वालचंद निवर्तले. पुढच्याच वर्षी कुर्ल्यात फियाट 1100 येऊ लागली. पुढे कॉइल स्प्रिंग, मागे पाटे. 1970च्या दशकात हीच गाडी ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. मागचे पाटे कायम राहिले.

5/ 1953च्या टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर, येथे टप्प्याटप्प्याने उत्पादन न करणाऱ्या कंपन्यांना वाव उरला नाही. फोर्ड आणि जनरल मोटर्स यांनी गाशा गुंडाळला. उत्पादनावर परवान्यांचा अंकुश आला. नव्या गाडीसाठी वर्षानुवर्षे नंबर लावावा लागे. म्हणून आहे ती गाडी जगवणे भाग होते.

6/ ओझ्याने पाटे बसत आणि गाडीची शेपूट खाली जाई. उपाय दोन : पाट्यांना पुन्हा कमान देणे किंवा जादा पाटा घालणे. पुढच्या चाकांना ओट लावून मागची बाजू जॅकने उचलायची, बॉडीखाली भक्कम घोड्या द्यायच्या, ॲक्सल वेगळ्या जॅकवर पेलायचा. यू-बोल्ट सोडून पाटे उतरवायचे. पाट्यांत ताण असतो. ते शिकंजात आवळल्याशिवाय मधला बोल्ट काढणे जिवावर बेतू शकते. दोन्ही बाजूंना सारखाच पाटा घालायचा. रबरी बुशांचे बोल्ट गाडीचा भार चाकांवर आल्यावरच शेवटचे आवळायचे, नाहीतर बुश पिळवटून लवकर फाटतात.

7/ याची किंमत? समान जाडीच्या पाच पाट्यांत सहावा घातला, तर ताठरपणा सुमारे पाचव्या हिश्श्याने वाढतो. जाडीचा परिणाम त्याहून मोठा : दुप्पट जाडीचा पाटा आठपट ताठर. भरलेली गाडी सरळ उभी राहते. रिकामी मात्र खड्ड्यांवर उसळते, चाक रस्ता सोडते आणि ब्रेकची पकड घटते. जुना शॉकॲब्सॉर्बर ती उसळी आवरू शकत नाही.

8/ आज प्रश्न कायद्याचाही आहे. मोटार वाहन अधिनियम, 1988 चे कलम 52 वाहनातील फेरबदलांवर मर्यादा घालते. तुटलेला पाटा मूळ मापाचा बसवणे ही दुरुस्ती. मूळ रचना बदलणे हा फेरबदल. हा भेद जुन्या गाडीच्या हौशी मालकाने ध्यानी ठेवावा.

9/ जादा पाटा हा केवळ हौसेचा भाग नव्हता. मोटार देशात घडू लागली, पण मागणीच्या मानाने पुरेशी घडली नाही. ती उणीव कामगारांनी आणि मालकांनी पान्हा-हातोड्याने भरून काढली. कारखान्यांचा इतिहास कागदपत्रांत सापडतो. या दुरुस्त्यांचा गाड्यांखालीच राहतो. आपल्या घराण्यात अशी गाडी असेल, तर ती भंगारात जाण्यापूर्वी तिचे पाटे मोजा, छायाचित्र घ्या आणि ते कोणी, कधी, कशासाठी घातले हे वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवा.