सिएना

इटलीच्या टस्कनी विभागातील एक प्राचीन डोंगरी शहर. लोकसंख्या सु. ५३,००० (२०११). ते फ्लॉरेन्सच्या दक्षिणेस सु. ५० किमी. अंतरावर, तीन टेकड्यांवर सस. पासून ३२२ मी. उंचीवर वसले आहे. येथे मूळची एट्रुस्कन वस्ती होती. सम्राट ऑगस्टसच्या काळात रोमनांनी तेथे सेना जूलिया ही वसाहत स्थापन केली. आजच्या शहराचे स्वरूप मात्र मध्ययुगाने घडविले. फ्रान्समधून रोमकडे जाणारा यात्रामार्ग येथून जात असल्याने व्यापार व सावकारी यांची भरभराट झाली आणि बाराव्या शतकात सिएना स्वायत्त नगरराज्य बनले. ४ सप्टेंबर १२६० रोजी मोंतापेर्तीच्या लढाईत त्याने बलाढ्य फ्लॉरेन्सचा पराभव केला.

प्रमुख वास्तू बव्हंशी नऊ सदस्यांच्या मंडळाच्या राजवटीत (१२८७–१३५५) उभारल्या गेल्या. शिंपल्याच्या आकाराच्या, उतरत्या ‘काम्पो’ या चौकाची विटांची फरसबंदी नऊ भागांत विभागली आहे. हे भाग त्या मंडळाचेच प्रतीक मानतात. चौकालगतच्या नगरभवनात आंब्रोजो लोरेंत्सेत्ती याने सुशासन व कुशासन यांची भित्तिचित्रे रंगविली (१३३८-३९). जेथे बसून शासक निर्णय घेत, त्याच दालनाच्या तीन भिंतींवर ती आहेत. धार्मिक विषयांनी व्यापलेल्या त्या काळात राज्यकारभाराला एवढे स्थान देणारी कृती विरळाच. नदीपासून दूर असलेल्या या शहराला सु. २५ किमी. लांबीच्या भूमिगत बोगद्यांतून पाणी मिळे. चौकातील ‘फोंते गाया’ हे कारंजे त्याच्यावरच चाले.

कॅथीड्रलच्या बाहेर उभी असलेली एकाकी भिंत सिएनाचा इतिहास सर्वांत स्पष्टपणे सांगते. फ्लॉरेन्सवर मात करण्याच्या ईर्ष्येने, असलेले कॅथीड्रल केवळ आडवी बाजू ठरावे एवढे प्रचंड नवे मंदिर बांधण्यास १३३९ मध्ये प्रारंभ झाला. १३४८ मध्ये प्लेगची साथ आली. आन्योलो दी तूरा या बखरकाराने आपली पाच मुले स्वतःच्या हातांनी पुरल्याचे नमूद केले आहे. लोरेंत्सेत्तीही बहुधा याच साथीत मरण पावला. मनुष्यबळ व पैसा आटला, बांधकामातील दोषही उघडकीस आले आणि अखेरीस ते काम सोडून देण्यात आले. नियोजित दर्शनी भिंत व एक पार्श्ववीथी तेवढी उरली. या वीथीच्या कमानी बुजवून तयार झालेल्या इमारतीत आज संग्रहालय असून दूच्चोचे ‘माएस्ता’ (१३०८–११) हे वेदीचित्र तेथे आहे. जुन्या कॅथीड्रलमधील नीकोला पिसानोचे प्रवचनपीठ (१२६५–६८) प्रेक्षणीय आहे. संगमरवरी चित्रफरशी बहुतांशी झाकलेली असते व वर्षातून काही आठवडेच पूर्णपणे उघडी ठेवतात.

प्लेगनंतर सिएनाला पूर्वीचे वैभव लाभले नाही. दीर्घ वेढ्यानंतर एप्रिल १५५५ मध्ये शहर पाचव्या चार्ल्सच्या सैन्यास शरण गेले आणि १५५७ मध्ये फ्लॉरेन्सच्या कोझीमो द मेदीचीकडे सोपविण्यात आले. पुनर्बांधणीस लागणारी संपत्तीच नसल्याने जुने शहर टिकून राहिले. त्याच्या जतनाचे श्रेय अंशतः या दारिद्र्याला द्यावे लागते. नगरराज्य लयास गेले, तरी सतरा पेठांचे परस्परांतील वैर व अभिमान शमला नाही. २ जुलै व १६ ऑगस्ट रोजी काम्पोत होणाऱ्या ‘पालिओ’ या घोड्यांच्या शर्यतीत तो प्रकट होतो. युनेस्कोने १९९५ मध्ये शहराच्या ऐतिहासिक भागाचा जागतिक वारसा स्थळांत समावेश केला.