नावापुढचा देश

मलकापूर म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: कुठलं? बुलडाण्याचं, शाहूवाडीचं की कऱ्हाडजवळचं? गावांची सोय जिल्हा सांगून होते. शर्यतीच्या घोड्यांची अशी सोय लागायला मात्र पुष्कळ काळ जावा लागला.

आपल्याकडे घोडा रंगावरून आणि खुणांवरून ओळखला जाई: अबलख, पंचकल्याणी. इंग्लंडात धन्यावरून. थरोब्रेड जातीच्या तीन मूळ पुरुषांपैकी दोन म्हणजे बायर्लीचा तुर्क आणि डार्लीचा अरब. धनी बदलला की नावही बदलायचं, आणि एकाच नावाचे अनेक घोडे निघायचे. पैदाशीत रक्ताला मोल असल्यामुळे हा घोळ महागात पडे. म्हणून १७९१मध्ये जेम्स वेदरबीनं वंशावळींची वही छापली, 'जनरल स्टड बुक'.

या वहीत एक मराठी नाव आहे, आणि मला त्याचं फार अप्रूप आहे. बडोद्याचे महाराज प्रतापसिंहराव गायकवाड यांनी १९४५मध्ये २८,००० गिनी मोजून एक शिंगरू घेतलं. त्याचं नाव सयाजीराव. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या मुलानं बडोद्याच्या गादीवर बसून थोर केलेलं हे नाव १९४७मध्ये आयरिश डर्बी आणि सेंट लेजर जिंकून आलं. प्रतापसिंहरावांचाच दुसरा घोडा आधी 'लेरँ' होता. त्याचं 'माय बाबू' झालं आणि १९४८ची टू थाउजंड गिनीज त्यानं मारली.

माय बाबूच्या आईचं नाव 'परफ्यूम दुसरी'. पहिल्या परफ्यूमशी तिचं नातं असायचं काही कारण नव्हतं. परदेशातून आलेल्या घोड्याचं नाव वहीत आधीच कुणाला दिलेलं असेल, तर त्यापुढे 'दुसरा' किंवा 'दुसरी' लिहीत. मला ही रीत अन्यायाची वाटते. वहीत उशिरा आली एवढ्यानं ती घोडी दुय्यम का ठरावी?

पुढे आकडा गेला आणि नावापुढे कंसात जन्मदेशाची अक्षरं आली. आता आयर्लंडचा आणि भारताचा घोडा एकच नाव बिनधास्त लावू शकतात. भारतातली नोंद पुण्याची स्टड बुक ऑथॉरिटी ठेवते. नाव रोमन लिपीत, मधल्या जागा धरून १८ अक्षरांत बसावं लागतं. 'सयाजीराव'ला नऊ पुरतात. सामान्य घोड्याचं नाव काही वर्षांनी पुन्हा मोकळं होतं. फार मोठ्या घोड्यांची नावं मात्र आंतरराष्ट्रीय यादीत राखून ठेवलेली असतात. 'सेक्रेटरिएट' हे नाव आता कुठल्याच शिंगराला मिळत नाही, देश कुठलाही असो.