डाव्या हाताची जीप

गेल्या उन्हाळ्यात जळगावच्या एका गॅरेजात मी एका जीपचा पत्रा दीड तास वाचत बसलो होतो. 'वाचत' हा शब्द मुद्दाम वापरला आहे. इंजिन आणि चालकाची बैठक यांच्यामध्ये जो उभा पत्रा असतो, त्यावरचे रंगाचे थर मिस्त्रींनी खरवडून काढले होते. वरचा हिरवा, त्याखाली पांढरा, त्याखाली पुन्हा हिरवा. अगदी खाली उघडा पत्रा लागला तेव्हा डाव्या बाजूला एक ठिगळ दिसलं. मुठीएवढं भोक कोणीतरी पत्र्याचा तुकडा लावून वेल्डिंगने बुजवलं होतं आणि वर लांबी भरून घासलं होतं. उजव्या बाजूला, जिथून आज स्टिअरिंगचा दांडा आत येतो, त्या भोकाच्या कडा मात्र छिन्नीने कापलेल्या होत्या. कारखान्याचा डाय असं भोक पाडत नाही. म्हणजे जीप जन्मली डाव्या हाताची आणि पुढे कधीतरी उजव्या हाताची झाली.

जीपचा मालक धुळ्याचा, तिशीतला. ही गाडी त्याच्या आजोबांनी जुनी घेतलेली, शिरपूरकडच्या शेतीसाठी. खानदेशातल्या वाहतुकीची मी टिपणं जमवतो हे त्याला ठाऊक होतं, म्हणून त्याने मला बोलावलं. "सर, मला ती परत लेफ्टला न्यायचीय. कंपनीतून आली तशी. मिस्त्री नाही म्हणतात. तुम्ही सांगा, बरोबर का चूक?"

मिस्त्री सत्तरीच्या पुढचे. त्यांनी पाना खाली ठेवला आणि एवढंच म्हणाले, "भाऊ, ही राइटला केली ती माझ्या उस्तादांनी. धुळ्यातच. मी तेव्हा पोरगा होतो, पाने द्यायला उभा."

रस्त्याच्या डावीकडून चालणाऱ्या देशात डाव्या हाताची गाडी आली कशी, हा प्रश्न खरं तर आधी विचारायला हवा. युद्धापूर्वीच्या अमेरिकन मोटारींनी हा घोळ केला नव्हता. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला जुळणीचा कारखाना काढला, तिथून बाहेर पडणाऱ्या शेवरोले उजव्या हाताच्याच असत. अमेरिकेत स्टिअरिंग डावीकडे पक्कं झालं ते मुख्यतः फोर्डच्या १९०८ च्या मॉडेल टीमुळे. त्या गाडीचा खप एवढा झाला की इतरांना तिच्यामागे जावं लागलं. रोल्स-रॉइससारख्या मानी कंपनीनेसुद्धा आपल्या अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डच्या कारखान्यात सुरुवातीला इंग्लंडसारखं उजवं स्टिअरिंग ठेवलं आणि १९२५ च्या सुमारास निमूटपणे डावीकडे नेलं. गिऱ्हाईक जिकडे बसतं तिकडे स्टिअरिंग जातं.

जीपचं गिऱ्हाईक मात्र सैन्य होतं. १९४१ ते १९४५ या काळात विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांवर जीपा बनवल्या, त्या सगळ्या डाव्या हाताच्या. ब्रह्मदेशाच्या आघाडीसाठी त्यातल्या पुष्कळ भारतात उतरल्या. युद्ध संपल्यावर त्यांचे लिलाव झाले आणि 'डिस्पोजलची गाडी' हा शब्द आपल्याकडे रुळला. स्वातंत्र्यानंतरचा पहिला गाजलेला घोटाळाही जीपांचाच, हे आज फारसं कोणाला आठवत नाही. १९४८ मध्ये लंडनमधले आपले उच्चायुक्त व्ही. के. कृष्ण मेनन यांनी सुमारे ८० लाख रुपयांचा, २०० जीपांचा करार केला. प्रत्यक्षात १५५ उतरल्या.

पुढची कथा मुंबईची. १९४५ मध्ये स्थापन झालेली 'महिंद्र अँड मोहम्मद' ही पोलादाचा व्यापार करणारी कंपनी. भागीदार मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तिथे अर्थमंत्री आणि मग गव्हर्नर जनरल झाले. इकडे १९४८ मध्ये कंपनीचं नाव 'महिंद्र अँड महिंद्र' झालं. १९४९ मध्ये माझगावला विलीज जीपांची जुळणी सुरू झाली. सुटे भाग अमेरिकेतून यायचे ते डाव्या हाताच्या गाडीचे. पुढे भाग इथेच बनू लागले तरी स्टिअरिंग डावीकडेच राहिलं, आणि तेही काही दशकं. उंच बॉनेटची सीजे-३बी अमेरिकेत १९६८ मध्ये बंद झाली, पण आपल्याकडे तिचं घराणं कितीतरी पुढे चाललं. मला वाटतं, इथे तत्त्वाचा प्रश्नच नव्हता. परकीय चलनाची चणचण, मागणी पुरवठ्याच्या पुढे, आणि सरकार हेच मोठं गिऱ्हाईक. अशा वेळी साचे बदलण्याचा खर्च कोण करतो?

कायद्याने यावर एक तोडगा काढला होता. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात तो आहे आणि १९८८ च्या कायद्यात कलम १२० म्हणून जवळजवळ तसाच उतरला आहे: डाव्या हाताचं वाहन सार्वजनिक जागी चालवायचं तर त्याला यांत्रिक किंवा विजेवर चालणारं, चालू स्थितीतलं इशारा-साधन हवं. कारण उघड आहे. आपल्याकडचे हाताचे सगळे इशारे उजव्या हाताचे. उजवीकडे वळताना उजवा हात आडवा काढायचा, थांबताना उभा धरायचा, वेग कमी करताना तळवा खाली करून वरखाली हलवायचा, मागच्याला पुढे जाऊ द्यायचं तर हात मागून पुढे झुलवायचा. डावीकडे वळायचं तरी उजवाच हात बाहेर काढून गोल फिरवायचा. डावीकडे बसलेल्या चालकाचा उजवा हात गाडीच्या मधोमध. तो हलवून कोणाला दिसणार? म्हणून मागच्या पत्र्यावर मोठ्या अक्षरांत 'लेफ्ट हँड ड्राइव्ह' रंगवलेलं असे. माझ्या पिढीतल्या अनेक मुलांनी इंग्रजीतले हे तीन शब्द शाळेच्या आधी जीपच्या पाठीवर वाचले.

खानदेशात जीप आली ती साहेबाची म्हणून. १९५२ मध्ये सामुदायिक विकास योजना सुरू झाली आणि विकास गटाच्या अधिकाऱ्याच्या दिमतीला जीप आली. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्यावर ती गावोगाव ओळखीची झाली. पुढे सरकारी लिलावांतून जुन्या गाड्या खासगी हातांत गेल्या. शहाद्याहून धडगावकडे, चोपडा-यावलच्या बाजूने सातपुड्याच्या पायथ्याला, बाजाराच्या दिवशी माणसं अक्षरशः लोंबकळत नेणारी गाडी तीच.

आणि इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी शहरातल्या जीपप्रेमींच्या ध्यानात येत नाही. आमच्या एकपदरी डांबरी रस्त्यांवर डावं स्टिअरिंग सोयीचं होतं. समोरून बैलगाडी किंवा ट्रक आला की डावी दोन चाकं डांबरावरून खाली उतरवावी लागत. खाली काळी माती, पावसाळ्यात लोण्यासारखी. कड नेमकी कुठे संपते, चर किती खोल आहे, हे डावीकडे बसलेल्याला मान बाहेर काढून थेट दिसे. बांधावरून, नाल्यातून गाडी काढतानाही तेच. जुने चालक आजही सांगतात, लेफ्टची गाडी चरात जात नाही.

पण धुळे हे आडगाव नाही. मुंबई-आग्रा रस्ता आणि सुरत-नागपूर रस्ता इथे एकमेकांना छेदतात. दोन्हींवर ट्रकांची रांग. लळिंगच्या चढाला एखाद्या भरलेल्या ट्रकमागे डाव्या हाताची जीप अडकली की चालकाला पुढचं काहीच दिसत नसे. दिसायचं तर अर्धी गाडी आधी उजवीकडे काढावी लागे, आणि तोवर उशीर झालेला असे. त्यामुळे उजव्या बाजूला बसणारा माणूस हा निव्वळ प्रवासी नव्हता. तो वाकून बघायचा आणि ओरडायचा, "रस्ता मोकळा शे!" त्या शब्दावर चालक गिअर बदलायचा. मालकाच्या आजोबांच्या जीपमध्ये हे काम त्यांचा धाकटा भाऊ करायचा, असं घरात सांगतात. एकदा तो सोबत नव्हता. आजोबांनी अंदाजाने गाडी काढली. समोरून ट्रक आला. आजोबा वाचले, उजवीकडे बसलेला शेतावरचा सालदार वाचला नाही. त्यानंतरच्या महिन्यात जीप उस्तादांकडे आली.

हे मालकाला माहीत नव्हतं असं नाही. पण त्याच्या लेखी तो अपघात होता आणि उजवं स्टिअरिंग ही 'नंतरची मोडतोड'. मिस्त्रींच्या लेखी दोन्ही एकच गोष्ट.

स्टिअरिंग इकडचं तिकडे नेणं म्हणजे नुसतं चाक उचलून लावणं नव्हे. या जीपमध्ये स्टिअरिंगच्या खोक्यातून खाली पिटमन आर्म लोंबतो. तो पुढेमागे हलतो, त्याला जोडलेली लांब सळई पुढच्या आसावरची कोपराच्या आकाराची कडी फिरवते आणि ती कडी दोन्ही चाकं वळवते. खोकं दांड्याभोवती अर्धं फिरवून दुसऱ्या बाजूला बसवलं की पिटमन आर्मची चाल उलटी होते. मग पुढची कडीही उलटी बसवावी लागते. एक उलटं केलं आणि दुसरं सुलट राहिलं, तर चाक उजवीकडे फिरवताच गाडी डावीकडे जाते. मिस्त्री सांगत होते की दुसऱ्या एका गॅरेजातून अशी एक गाडी खरोखरच रस्त्यावर आली आणि समोरच्या चहाच्या टपरीत शिरली. टपरीवाला वाचला, दूध गेलं. शिवाय या जीपच्या आसाचा फुगीर गोळा मधोमध नसून उजवीकडे सरकलेला असतो, त्यामुळे उजवीकडे आधीच जागेची ओढाताण. क्लच-ब्रेकची पायपट्टी, ब्रेकचं तेल ढकलणारा सिलिंडर, अॅक्सिलरेटरची तार, घड्याळांची पाटी, सगळं मागोमाग हलतं. उस्तादांनी दांडा कापून जोडला नव्हता, हे मिस्त्रींनी मला तीनदा दाखवलं. दांड्याला जोड देणारा कारागीर माणूस मारतो, हे त्यांचं वाक्य.

कागदाच्या बाजूनेही मामला गमतीचा आहे. १९८८ च्या कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणीतला तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल वाहनात करू नये. म्हणजे आज कोणी डाव्याची उजवी करू पाहील तर तो बदल. पण उजव्याची पुन्हा डावी केली तर ती मूळपदाला जाणं. २०२१ मध्ये केंद्राने ५० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी 'व्हीए' अक्षरांची वेगळी नोंदणीमालिका आणली. तिथेही गाडी मूळ रूपात राखलेली असावी ही अपेक्षा आहे. नवी नोंदणी २० हजार, नूतनीकरण पाच हजार. मालकाचं मन तिथे गुंतलेलं. प्रदर्शनात परीक्षक आधी स्टिअरिंग बघतात, असं तो म्हणाला.

मूळ रूप म्हणजे काय, यावर आम्ही तिघं बराच वेळ बोललो. मी ब्रह्मदेशाचं उदाहरण दिलं. १९७० मध्ये तिथे एका आदेशाने वाहतूक डावीकडून उजवीकडे गेली आणि उजव्या हाताच्या गाड्या चुकीच्या बाजूला अडकल्या. त्यानंतरही कित्येक वर्षं तशाच धावल्या. स्वीडनमध्ये १९६७ ला याच्या बरोबर उलट झालं, गाड्या आधीपासूनच डाव्या हाताच्या होत्या, रस्ता नंतर त्यांच्याजवळ आला. मिस्त्रींनी ऐकून घेतलं. म्हणाले, "तिकडे रस्ता बदलला. आपल्याकडे पत्रा बदलला."

मला विचारलंत तर मी ती जीप होती तशी ठेवली असती. कारखान्यातून निघालेल्या डाव्या हाताच्या जीपा संग्रहांत आजही आहेत. धुळ्याच्या उस्तादाने छिन्नीने कापलेलं हे भोक एकच. हे मी मालकाला सांगितलं. तो गप्प राहिला. गाडी त्याची.

दसऱ्याच्या आधी मिस्त्रींचा फोन आला. जीप डावीकडे गेली होती. काम त्यांनीच केलं, दुसऱ्याच्या हाती दिलं नाही. उजवीकडचं भोक मात्र वेल्डिंगने बुजवलेलं नाही. त्यावर चार स्क्रूंनी पत्र्याची चकती बसवली आहे, काढता येईल अशी. उस्तादांचा जुना दांडा तेल लावून, पोत्यात गुंडाळून मागच्या बाकाखाली ठेवला आहे. आणि मालकाने मागच्या पत्र्यावर पेंटरकडून ती तीन इंग्रजी अक्षरपदं पुन्हा लिहून घेतली आहेत, पांढऱ्या रंगात. मी फोनवर विचारलं, उजवीकडे कोण बसतं? मिस्त्री म्हणाले, "जळगाव ते धुळे मी बसलो होतो."