पेरोनेचा पिवळा क्षार

मिकेले पेरोनेला करायचा होता प्लॅटिनमचा एक क्षार, माग्नुसचा हिरवा क्षार. हाती आला पिवळा. १८४४ साली या इटालियन रसायनज्ञाने तो नोंदवला आणि ‘पेरोनेचा क्लोराइड’ हे नाव त्याला चिकटलं. १८९३मध्ये रसायनज्ञ आल्फ्रेड वेर्नरने त्याची मांडणी सांगितली: मधे प्लॅटिनम, त्याला दोन क्लोरिन शेजारीशेजारी, दोन अमोनिया शेजारीशेजारी. त्यानंतर सत्तर वर्षं हा क्षार पाठ्यपुस्तकातलं उदाहरण होऊन पडून राहिला.

त्याला बाहेर काढलं बार्नेट रोझेनबर्ग या भौतिकशास्त्रज्ञाने, आणि तेही नकळत. दुभागणाऱ्या पेशीतली आकृती चुंबकाभोवतीच्या लोहकिसासारखी दिसते, म्हणून विभागणीवर विजेचा परिणाम पाहायला मिशिगन स्टेट विद्यापीठात त्याने जीवाणूंच्या द्रावणातून वीज सोडली. जीवाणू दुभागेनात, नुसते लांबत गेले. काही तर तीनशेपट. पण वीज निर्दोष होती! ‘निष्क्रिय’ म्हणून निवडलेल्या प्लॅटिनमच्या इलेक्ट्रोडांतूनच धातू विरघळत होता आणि द्रावणातल्या अमोनियाशी जुळत होता. हा शोध १९६५मध्ये छापून आला, १९६९मध्ये उंदरांच्या गाठी विरघळल्याचं प्रसिद्ध झालं, आणि १९७८मध्ये अमेरिकेने पेरोनेचा हाच क्षार ‘सिस्प्लाटिन’ या नावाने कर्करोगावरचं औषध म्हणून मान्य केला.

योगायोगाची ही गोष्ट सगळेच रंगवून सांगतात. मला मात्र त्यानंतरचं चिकाटीचं काम अधिक मोलाचं वाटतं. ते रसायनज्ञ स्टीफन लिपर्ड यांचं. आधी कोलंबियात, १९८३पासून एमआयटीत. औषध गुण देत होतं, पण कसं? रक्तात क्लोराइड भरपूर, म्हणून तिथे रेणू शाबूत राहतो. पेशीत ते कमी; तिथे क्लोरिन सुटतात, त्यांची जागा पाणी घेतं आणि मग प्लॅटिनम डीएनएमधल्या शेजारच्या दोन ग्वानिनना एकदम पकडतो. ही पकड लिपर्ड यांच्या गटाने १९८५मध्ये डीएनएच्या छोट्या तुकड्यावर क्ष-किरणांनी दाखवली. त्याच जागी वाकलेला दुपदरी डीएनए दिसायला १९९५ उजाडलं आणि त्या वाकावर बसलेलं प्रथिन दिसायला १९९९. ज्या भावंड-रेणूत क्लोरिन समोरासमोर असतात, त्याला शेजारचे दोन ग्वानिन असे धरता येत नाहीत, म्हणून तो औषध म्हणून कुचकामी. लिपर्ड यांच्या नावावर नऊशेंहून अधिक शोधनिबंध आहेत.

औषध कसं काम करतं ते कळलं, त्याचा मूत्रपिंडावरचा घाला मात्र सुटला नाही. म्हणून सिस्प्लाटिनसोबत सलाइन भरपूर द्यावं लागतं. डोके-मानेच्या कर्करोगात किरणोपचारासोबत ते दर आठवड्याला थोडं द्यावं की तीन आठवड्यांनी एकदम, याची चाचणी मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये झाली. २०१८मध्ये निकाल लागला: तीन आठवड्यांनी दिलेल्या मोठ्या मात्रेने रोग अधिक आटोक्यात राहिला, पण दुष्परिणामही तिचेच जास्त होते.