वेदनेचे माप

शहापूर-मुरबाडकडे दुखणे सांगायला एक शब्द पुरत नाही. दाढ ठणकते, पोटात कळ येते, पाठीत उसण भरते, गळू ठसठसते, काटा सलतो. आधुनिक वैद्यकाला मात्र आकडा हवा असतो.

तो यंत्राने काढण्याचा गाजलेला प्रयत्न १९४० साली न्यूयॉर्कमध्ये झाला. जेम्स हार्डी, हॅरॉल्ड वुल्फ आणि हेलन गुडेल यांनी कपाळाला काळी शाई फासून त्यावर दिव्याची उष्णता भिंगातून तीन सेकंद पाडली. सुई नाही, चीर नाही. दुखू लागते ती पातळी नोंदवायची. वेदनेचे एककही ठरले, 'डोल'. पुढे हार्डी यांनी एका सहकाऱ्यासह बाळंत होणाऱ्या स्त्रियांच्या हातावर दोन कळांच्या मध्ये उष्णता देऊन कळांची तुलना केली. पण उपकरण मोजत होते उष्णताच. दुखले का, हे माणसालाच सांगावे लागे.

१९४४ साली इटलीच्या आघाडीवर हेन्री बीचर या डॉक्टरांना दिसले, की गंभीर जखमी सैनिकांपैकी सुमारे तीन चतुर्थांशांना वेदनाशामक नको होते. जीव वाचला, हाच त्यांच्या जखमेचा अर्थ होता. १९७५ साली रोनाल्ड मेलझॅक यांनी वेदनेचे ७८ शब्द २० गटांत मांडले. ठणका आणि कळ यांत आपण करतो तसल्या भेदाला वैद्यकात जागा मिळाली.

आकड्यावर विसंबण्याचा धोका आपल्याकडे पावसाळ्यात कळतो. जमिनीवर झोपलेल्याला मण्यार डसते, तेव्हा दंश फारसा दुखत नाही, खूणही दिसत नाही. पुढे पोटात दुखते, पापण्या मिटू लागतात, श्वास बंद पडतो. उलट विंचवाची वेदना असह्य असते. पण महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८२ साली 'लॅन्सेट'मध्ये हृदयाच्या धोक्याची पूर्वसूचना म्हणून मांडली ती लक्षणे वेगळी होती: उलटी, दरदरून घाम, गार पडलेले हातपाय. केवळ वेदनेच्या आकड्यावर रांग लावली, तर मण्यारवाला शेवटी बसेल.

आज मेंदूच्या प्रतिमांतून वेदना वाचण्याचे प्रयत्न चालू आहेत. मूल, बेशुद्ध रुग्ण यांच्यासाठी त्यांचा उपयोग होईलही. मात्र वेदनेच्या आंतरराष्ट्रीय अभ्याससंघाने २०२० साली व्याख्या सुधारताना दोन गोष्टी स्पष्ट केल्या: सांगणाऱ्याच्या वेदनेचा आदर राखावा, आणि सांगता येत नाही, म्हणून वेदना नाही असे समजू नये. म्हणून यंत्र आले तरी डॉक्टरने आधी विचारावे, "कसे दुखते?" आणि उत्तर येईपर्यंत थांबावे.